भरपाईची वीस मिनिटे

शाळेच्या स्मरणिकेत निकालाचे तक्ते हमखास असतात. किती विद्यार्थी परीक्षेस बसले, किती उत्तीर्ण झाले, विशेष प्रावीण्य कितींना लाभले हे त्यांवरून कळते. उत्तरपत्रिका लिहिताना कोणाला काय सोसावे लागले, हे मात्र कोणत्याही रकान्यात मावत नाही. सर्वांना एकच प्रश्नपत्रिका, एकच वेळ आणि एकच गुणदानपद्धती ही सार्वजनिक परीक्षेची शिस्त आहे, आणि तिचे मोल आम्ही जाणतो. तपासनिसासमोर नाव-आडनाव न येता उत्तरपत्रिका यावी आणि खेड्यातल्या मुलाला शहरातल्या मुलाचेच माप लागावे, याचे महत्त्व आमच्या वाचकांना वेगळे सांगण्याची गरज नाही. तथापि ते माप नेमके काय मोजते, हा प्रश्न उरतोच.

इतिहासाची परीक्षा इतिहासाचे ज्ञान मोजण्यासाठी असते. मेंदूच्या पक्षाघातामुळे, म्हणजे सेरेब्रल पाल्सीमुळे, जिच्या बोटांना पेन धरून ठेवणेच कष्टाचे आहे, अशी मुलगी नेमलेल्या वेळेत निम्म्याच प्रश्नांपर्यंत पोहोचते. मग तिला मिळालेल्या गुणांत इतिहास किती आणि बोटे किती? टंकलेखनाच्या परीक्षेत हाताचा वेग हाच परीक्षेचा विषय असतो. इतिहासात तो नसतो. जे मोजायचेच नव्हते ते मापातून वगळणे, एवढाच परीक्षेतील विशेष सोयींचा अर्थ आहे. प्रश्न तेच राहतात, उत्तीर्ण होण्यासाठी लागणारे ज्ञानही तेच राहते.

असे असूनही या विषयावर पालकांशी बोलताना पहिली अडचण शब्दाचीच येते. मंडळाच्या परिपत्रकापासून शिक्षक-खोलीपर्यंत सगळीकडे ‘सवलत’ हा शब्द रूढ आहे. सवलत म्हटले की कोणीतरी मेहेरबानी केली असे वाटते, आणि मेहेरबानी नको म्हणणारा स्वाभिमान आपल्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या जोपासला गेला आहे. ‘आमच्या मुलाला कोणाची दया नको’ असे सांगून अर्ज परत करणारे पालक आम्हाला भेटतात. त्यांच्या भावनेचा आम्ही आदर करतो. मात्र तिचा रोख चुकीच्या ठिकाणी आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. केंद्र शासनाच्या दिव्यांगजन सक्षमीकरण विभागाने २९ ऑगस्ट २०१८ रोजी लेखी परीक्षांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत ‘जादा वेळ’ हा शब्दप्रयोग मुद्दाम बदलून ‘भरपाईचा वेळ’ असा केला गेला. हा वेळ तासाला किमान २० मिनिटे असावा, असे त्यांत म्हटले होते. ८० गुणांच्या, तीन तासांच्या मराठीच्या पेपरला एक तास; गणिताच्या ४० गुणांच्या, दोन तासांच्या पेपरला ४० मिनिटे. जे शरीराच्या अडचणीमुळे खर्ची पडते, ते परत दिले जाते. भरपाई घेणाऱ्याने मान खाली घालण्याचे कारण नसते.

या सोयींचा आधार कायद्यात आहे. संयुक्त राष्ट्रांच्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांविषयीच्या करारास भारताने २००७ साली मान्यता दिली. त्यानंतर १९९५ च्या जुन्या अधिनियमाच्या जागी ‘दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६’ आला आणि तो १९ एप्रिल २०१७ पासून अमलात आहे. जुन्या अधिनियमात दिव्यांगत्वाचे सात प्रकार होते, नव्यात २१ आहेत. त्याच्या कलम १७ मध्ये परीक्षापद्धतीत योग्य ते बदल करण्याचे कर्तव्य स्पष्टपणे नोंदलेले असून त्यात वेळ वाढवून देणे, लेखनिक देणे आणि दुसऱ्या व तिसऱ्या भाषेतून सूट देणे ही उदाहरणेही दिली आहेत. माध्यमिक शालान्त परीक्षेसाठी आपल्या राज्य मंडळाचे नियम याच वाटेने जातात. मात्र तपशील बदलत राहतात, म्हणून अर्ज करताना त्या वर्षीचे परिपत्रक पाहिल्याशिवाय कोणीही जुन्या माहितीवर विसंबू नये.

२१ प्रकारांची ही यादी पालकांनी एकदा तरी नजरेखालून घालावी. अंधत्व, बहिरेपण, हातापायांचे व्यंग एवढेच दिव्यांगत्व, अशी समजूत अजून घट्ट आहे. यादीत सिकलसेल, थॅलेसेमिया आणि हिमोफिलिया हे रक्ताचे विकारही आहेत. सिकलसेलचा उल्लेख आम्ही हेतुपूर्वक करीत आहोत. विदर्भात हा आजार आदिवासी समाजाप्रमाणेच आपल्या बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि अनेक घरांत त्याची चर्चा केवळ लग्न जुळवताना होते. सिकलसेलग्रस्त मुलाचे हातपाय दिसायला धडधाकट असतात. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होऊन सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात, तेव्हा हाडासांध्यांतून उठणारी कळ बाहेरून दिसत नाही. थंडी, जंतुसंसर्ग, दगदग आणि पाणी कमी पिणे यांनी ती कळ उद्भवू शकते. परीक्षेच्या धसक्याने रात्र रात्र जागणारा आणि लघवीला उठावे लागू नये म्हणून पाणीच न पिणारा मुलगा स्वतःच्या नकळत संकट ओढवून घेत असतो. अशा विद्यार्थ्याला भरपाईच्या वेळेइतकीच बाकावर पाण्याची बाटली, स्वच्छतागृहाजवळची खोली आणि मध्ये उठण्याची मुभा गरजेची असते.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. आजाराचा केवळ वाहक असणे, म्हणजे आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच तो गुणधर्म आलेला असणे, हे दिव्यांगत्व नव्हे. वाहकाला प्रमाणपत्र मिळत नाही आणि त्याची त्याला गरजही नसते. दोघांकडूनही तो आला असेल तर प्रत्यक्ष आजार होतो. रक्ततपासणीच्या अहवालात ‘एएस’ आणि ‘एसएस’ अशी जी अक्षरे असतात, ती हाच फरक सांगतात. घरात जुना अहवाल पडून असेल तर तो शाळेला दाखवावा. आम्ही तो कोणालाही सांगणार नाही.

दिसायला त्याहूनही अवघड असते ती विशिष्ट अध्ययन अक्षमता. २००७ साली आलेल्या ‘तारे जमीं पर’ या चित्रपटामुळे ‘डिस्लेक्सिया’ हा शब्द घरोघरी पोहोचला हे खरे. पण चित्रपटातल्या मुलाची अडचण बव्हंशी रोमन अक्षरांची होती. देवनागरीत ती वेगळ्या रूपात प्रकटते. ‘भ’ आणि ‘म’, ‘घ’ आणि ‘ध’, ‘ब’ आणि ‘व’ यांची गल्लत होते. वेलांटी कोणत्या बाजूला वळवायची हे दहावीतही निश्चित होत नाही. जोडाक्षरातले अर्धे अक्षर गळते किंवा भलत्या अक्षराला चिकटते. ‘र’ची तर मराठीत इतकी रूपे आहेत (सूर्यातला रफार, प्रकाशातला, राष्ट्रातला) की धडधाकट वाचकही क्षणभर थांबतो. हाच मुलगा तोंडी विचारले तर प्रकाशसंश्लेषणाची सगळी पायरी न चुकता सांगतो. वर्गात त्याचा हात सर्वांत आधी वर जातो, आणि वहीत मात्र चार ओळी असतात, त्याही वाचता येत नाहीत. ‘बोलायला पुढे, लिहायला मागे’ असे शेरे अशा मुलांच्या प्रगतिपुस्तकांवर वर्षानुवर्षे पडत असतात. तो आळस नसतो.

निवासी शाळेत हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो, आणि म्हणूनच हा लेख आम्ही या स्मरणिकेसाठी लिहावयास घेतला. घरी राहणाऱ्या मुलाची वही आई रोज पाहते. तिला लिहिता-वाचता येत नसले तरी लेकराला वहीपुढे बसवले की ते रडकुंडीला येते, एवढे तिला कळते. आमच्याकडील मुलांचे पालक दिवाळीत आणि उन्हाळ्यात भेटतात. त्या सुट्टीत कोणी अभ्यासाच्या वह्या उघडत नाही. दुसरीकडे वसतिगृहात मुले एकमेकांना सांभाळून घेतात. ज्याला वाचता येत नाही त्याला शेजारच्या खाटेवरचा मित्र धडा वाचून दाखवतो, ज्याला फळा दिसत नाही त्याला वही पुढे करतो. हा बंधुभाव आम्हाला प्रिय आहे. परंतु त्याच्या आडोशाने मुलाची अडचण शिक्षकांच्या नजरेआड राहते आणि शालान्त परीक्षेच्या खोलीत, जिथे मित्र नसतो, तिथे ती एकदम उघडी पडते. तेव्हा फार उशीर झालेला असतो.

उशीर का होतो हे समजण्यासाठी प्रमाणपत्राची वाट पाहावी. अध्ययन अक्षमतेच्या निदानात आधी डोळे आणि कान तपासले जातात, मग बुद्ध्यंक पाहिला जातो, आणि त्यानंतर मानसशास्त्रज्ञ वाचन, लेखन व गणन यांच्या प्रमाणित चाचण्या घेतात. शाळेकडून मुलाच्या वह्या आणि शिक्षकांचा अहवालही मागितला जातो. मुंबईत शीवच्या लोकमान्य टिळक महापालिका रुग्णालयासारख्या ठिकाणी यासाठी स्वतंत्र केंद्र आहे. जिल्ह्याच्या ठिकाणी तपासणी मंडळ कोणत्या वारी बसते, आवश्यक तज्ज्ञ तिथे आहेत की अन्यत्र पाठवतात, येथपासून चौकशी करावी लागते. एका फेरीत काम होत नाही. २०१८ साली केंद्राने जाहीर केलेल्या निकषांनुसार हे प्रमाणपत्र वयाच्या आठव्या वर्षापासून मिळू शकते आणि १४ व्या व १८ व्या वर्षी पुन्हा तपासणी करावी लागते. चौदावे वर्ष म्हणजे साधारण आठवी-नववी. जुने प्रमाणपत्र असलेल्या मुलाचे कागद नेमके दहावीच्या तोंडावर शिळे होतात, ही बाब पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

कागदपत्रांच्या बाबतीत आपला समाज खरे तर अनभिज्ञ नाही. जातीचा दाखला, पडताळणी, उत्पन्नाचा दाखला, आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा यांसाठी आपण तहसीलच्या पायऱ्या झिजवल्या आहेत आणि त्यांच्या प्लॅस्टिकच्या पिशव्या देव्हाऱ्यातल्या वस्तूंसारख्या जपल्या आहेत. (आमच्या घरांत देव्हारा नसतो, पण पिशवी तेवढ्याच आदराने ठेवलेली असते.) त्याच पिशवीत दिव्यांगत्वाचे वैश्विक ओळखपत्र, ज्याला यूडीआयडी म्हणतात, तेही असावे. त्याचा अर्ज ऑनलाइन भरता येतो, तपासणी नेमून दिलेल्या शासकीय रुग्णालयात होते. ४० टक्के किंवा त्याहून अधिक प्रमाण असल्यास कायद्याच्या भाषेत ते ‘लक्षणीय दिव्यांगत्व’ ठरते. आठवीची वार्षिक परीक्षा संपताच ही धावपळ सुरू करावी. शालान्त परीक्षेची आवेदनपत्रे शाळेमार्फतच भरली जातात आणि सोयींची मागणीही मुख्याध्यापकांमार्फत विभागीय मंडळाकडे जाते. परीक्षेच्या आदल्या दिवशी केंद्रावर जाऊन विनंती करण्यासारखी ही गोष्ट नव्हे.

सोयींपैकी सर्वांत परिचित सोय म्हणजे लेखनिक, आणि सर्वांत अधिक गैरसमजही त्याच्याविषयी आहेत. लेखनिक उत्तर देत नाही. विद्यार्थी सांगेल तेवढेच, सांगेल तसे लिहितो. २०१८ च्या तत्त्वांनुसार दृष्टिहीन, दोन्ही हातांनी बाधित आणि सेरेब्रल पाल्सी असलेल्या परीक्षार्थींना मागणी केल्यास लेखनिक मिळावा, इतरांनी लिहिण्यातील शारीरिक मर्यादेचा शासकीय वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला द्यावा, आणि स्वतः आणलेला लेखनिक परीक्षार्थीपेक्षा शिक्षणात एक पायरी खाली असावा, अशी व्यवस्था होती. यामुळे माजी विद्यार्थ्यांनी प्रेमाने पुढे केलेला मदतीचा हात आम्हाला अनेकदा नाकारावा लागतो. पदवीधर दादा दहावीच्या मुलाचा लेखनिक होऊ शकत नाही. मात्र सरावाच्या काळात तो वाचक होऊ शकतो, धडे ध्वनिमुद्रित करून देऊ शकतो, आणि ही गरज अधिक मोठी आहे.

कारण उत्तर सांगून लिहवून घेणे हे स्वतंत्र कौशल्य आहे. ज्याने नऊ वर्षे मनाशी पुटपुटत लिहिले, त्याला एकाएकी मोठ्याने, वाक्य पूर्ण करून, विरामचिन्हांसकट बोलता येत नाही. गणितात तर ‘अंशात दोन एक्स अधिक तीन, सगळे कंसात, छेदात पाच’ असे सांगावे लागते. ‘सगळे कंसात’ हे दोन शब्द राहिले तर उत्तर बदलते. भूमितीत आकृतीवर अक्षरे कोठे घालायची हे लेखनिकाला कळेल असे शब्द शोधावे लागतात. नववीतला लेखनिक ‘अपवर्तनांक’ हा शब्द पहिल्यांदाच ऐकत असतो. या जोडीने सहामाहीपासून किमान प्रत्येक विषयाचा एक पूर्ण पेपर घड्याळ लावून सोडवला पाहिजे, असा आमचा आग्रह असतो.

सरावाविना सोय कशी उलटते याचे एक जुने आणि नोंदलेले उदाहरण आहे. हेलन केलर यांनी १८९९ साली अमेरिकेतील रॅडक्लिफ महाविद्यालयाच्या प्रवेशपरीक्षेची अंतिम फेरी दिली. त्या पाहू वा ऐकू शकत नव्हत्या, म्हणून प्रश्नपत्रिका त्यांना ब्रेलमध्ये उतरवून दिली गेली. कागदावर पाहता व्यवस्था निर्दोष होती. पण त्या काळी ब्रेलच्या निरनिराळ्या पद्धती प्रचलित होत्या. बीजगणितात केलर यांची बोटे सरावली होती इंग्लंडच्या चिन्हांना, आणि समोर आली अमेरिकी चिन्हे. परीक्षेच्या जेमतेम दोन दिवस आधी त्यांना हे कळले. भाषांच्या पेपरांत त्याने बिघडले नाही. बीजगणितात चिन्हे ओळखण्यातच वेळ गेला. त्या उत्तीर्ण झाल्या खऱ्या, पण आत्मचरित्रात त्यांनी ही अडचण विस्ताराने लिहून ठेवली. मोठ्या टायपातली प्रश्नपत्रिका असो, संगणक असो वा लेखनिक, ती सोय मुलाच्या हाती सहा महिने आधी पडलेली असावी, हे आम्ही त्यावरून घेतले आहे.

एका सोयीबाबत मात्र आम्ही पालकांना थोडे थांबवतो. मंडळाच्या नियमांनुसार काही प्रकारांच्या विद्यार्थ्यांना भाषा किंवा गणित यांऐवजी पर्यायी विषय घेता येतो. मुलाची सुटका झाली म्हणून पालक चटकन होकार देतात. पण दहावीला गणित सोडणे म्हणजे पुढे विज्ञान शाखा आणि तंत्रशिक्षणाचे अनेक अभ्यासक्रम यांची दारे बहुधा बंद करून घेणे. कधी कधी ते योग्यच असते. गणनाची अक्षमता तीव्र असेल तर हट्टाने मूल मोडते. परंतु अडचण वाचनाची असेल आणि उदाहरण वाचून दाखवल्यावर मूल ते सोडवीत असेल, तर त्याला वाचक हवा, विषयातून सूट नको. हा निर्णय अर्ज भरण्याच्या घाईत न घेता मुलाला समोर बसवून घ्यावा. त्याला काय व्हायचे आहे, हे त्याला विचारावे.

४० टक्क्यांची रेषा ज्यांना गाठता येत नाही, त्यांचे काय, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. लिहिताना हात आखडण्याचा विकार असलेल्या एका उमेदवाराला लोकसेवेच्या परीक्षेत लेखनिक नाकारला गेला होता. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या प्रकरणात ११ फेब्रुवारी २०२१ रोजी न्यायालयाने सांगितले की लेखनिक मिळण्यासाठी लक्षणीय दिव्यांगत्व ही पूर्वअट असू शकत नाही. आरक्षणासाठी ती रेषा असेल, पण परीक्षेतील वाजवी सोय हा निराळा हक्क आहे. त्यानंतर १० ऑगस्ट २०२२ रोजी ४० टक्क्यांहून कमी दिव्यांगत्व असलेल्या आणि लिहिण्यात अडचण असणाऱ्यांसाठी केंद्राने स्वतंत्र तत्त्वे जाहीर केली. हा निवाडा आपल्या वाचकांनी नीट समजून घ्यावा. आरक्षण आणि परीक्षेतील सोय या दोन गोष्टी लोकांच्या बोलण्यात एकत्र कालवल्या जातात आणि दोहोंवर एकच टोमणा मारला जातो. त्यांची कारणे वेगळी, मोजमाप वेगळे, आणि एकाच मुलाला दोहोंचा हक्क असू शकतो.

हक्क कागदावर मंजूर होऊनही केंद्रावर हिरावला जाऊ शकतो. २०२१ च्या ‘नीट’ परीक्षेत लेखन-अक्षमता असलेल्या एका विद्यार्थिनीला भरपाईचा एक तास न देता तिची उत्तरपत्रिका इतरांबरोबर काढून घेण्यात आली. सर्वोच्च न्यायालयाने २३ नोव्हेंबर २०२१ च्या निकालात परीक्षा पुन्हा घेण्याचा आदेश दिला नाही, मात्र तिच्यावर झालेल्या अन्यायाचे परिमार्जन कसे करता येईल याचा विचार एका आठवड्यात करावा, असे परीक्षायंत्रणेला बजावले. गेलेला तास तिला मिळाला नाही तो नाहीच. पर्यवेक्षकाला नियम ठाऊक नसणे हे अशा प्रसंगांचे नेहमीचे कारण असते. त्यामागे दुष्टावा क्वचितच असतो.

यासाठी मंजुरीचे पत्र विद्यार्थ्याकडे, त्याची एक प्रत सोबतच्या शिक्षकाकडे आणि एक केंद्रसंचालकांकडे पहिल्या पेपरच्या आधीच पोहोचलेली असावी. खोली तळमजल्यावर आहे का, बाकाची उंची चाकांच्या खुर्चीला जुळते का, लेखनिकासह बसणाऱ्याचा आवाज इतरांना आणि इतरांचा त्याला त्रासदायक होणार नाही अशी वेगळी जागा आहे का, हे आदल्या दिवशी जाऊन पाहावे. मुलालाही शिकवावे की पर्यवेक्षक उत्तरपत्रिका मागू लागले तर घाबरून ती देऊन टाकायची नाही. ‘सर, माझा वेळ अजून बाकी आहे, हे पत्र पाहा’ असे नम्रपणे म्हणायचे. हे वाक्य आम्ही मुलांकडून सरावात म्हणवून घेतो. पाठांतरात सर्वांत कठीण तेच जाते.

दहावीनंतर विद्यार्थी आमच्या छत्राखालून बाहेर पडतात. दहावीला मिळालेली मंजुरी बारावीला आपोआप लागू होत नाही. कनिष्ठ महाविद्यालयामार्फत नवा अर्ज करावा लागतो, आणि प्रत्येक प्रवेशपरीक्षेच्या अर्जात सोयींचा रकाना त्याच वेळी भरावा लागतो. तो रिकामा राहिला तर नंतर दुरुस्तीची संधी मिळेलच असे नाही. लक्षणीय दिव्यांगत्व असलेल्यांसाठी शासकीय व अनुदानित उच्च शिक्षणसंस्थांत किमान पाच टक्के जागा राखीव आहेत, याचीही नोंद घ्यावी. शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर आम्ही अशा विद्यार्थ्यांना त्यांच्या जुन्या मंजुरीपत्राच्या प्रती, शिक्षकांचा अहवाल आणि पुढील तपासणी कोणत्या वर्षी करायची याची चिठ्ठी देतो. माजी विद्यार्थ्यांपैकी कोणाची ही कागदपत्रे गहाळ झाली असतील, तर त्यांनी कार्यालयाशी संपर्क साधावा. शाळेच्या दप्तरात स्थळप्रती आहेत.